म्वालिमू न्येरेरे आणि उहुरू रेल्वे

व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बुटियामा नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील झानाकी ही जमात संख्येने फार मोठी नाही. या जमातीच्या प्रमुखाच्या घरी १३ एप्रिल १९२२ रोजी एक मुलगा जन्मला. प्रमुखाच्या बावीस बायका होत्या. हा मुलगा त्यांपैकी मुगाया या तरुण पत्नीचा. पर्जन्याशी संबंधित एका दैवताच्या नावावरून त्याचे नाव कांबारागे ठेवण्यात आले. पुढे बाप्तिस्मा झाल्यावर त्याला ज्यूलियस हे नाव मिळाले आणि जगाने त्याला ज्यूलियस न्येरेरे म्हणून ओळखले. त्याच्या देशबांधवांनी मात्र यांपैकी कोणत्याच नावाने त्याला हाक मारली नाही. ते त्याला आजन्म ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणत राहिले.

न्येरेरे यांच्यावर लिहिणारे बहुधा त्यांच्या समाजवादाबद्दल लिहितात. त्यांच्या चरित्रात एका लोहमार्गाची कथाही गुंफलेली आहे आणि ती तितकीच बोधप्रद आहे. दार-एस-सलामच्या बंदरापासून झांबियातील कापिरी म्पोशीपर्यंत गेलेला १८६० किलोमीटरचा हा लोहमार्ग. खाणीतले तांबे समुद्रापर्यंत कोणत्या वाटेने न्यायचे, ती वाट कोणाच्या पैशाने बांधायची आणि बांधल्यावर ती कोणाची राहणार, हे तीन प्रश्न त्या मार्गाबरोबर उभे राहिले. आज आफ्रिकेतील अनेक देशांपुढे हेच प्रश्न नव्याने आले आहेत. म्हणून ही कथा नीट समजून घेणे अगत्याचे वाटते.

कांबारागेचे शिक्षण तसे उशिराच सुरू झाले. वयाच्या बाराव्या वर्षी त्याला मुसोमा येथील शाळेत घालण्यात आले. तोवर तो शेरडे राखीत असे. बुद्धीची चमक शिक्षकांच्या लक्षात आली आणि १९३७ साली तो टबोरा येथील सरकारी शाळेत गेला. टबोरा हे रेल्वेचे मोठे जंक्शन. दार-एस-सलामपासून टांगानिका सरोवरावरील किगोमापर्यंतचा लोहमार्ग जर्मनांनी १९०५ ते १९१४ या काळात बांधला, तो टबोऱ्यावरूनच जातो. तेव्हा हा प्रदेश जर्मन वसाहत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आला. धनी बदलला, पण रुळांची दिशा बदलली नाही. देशाच्या पोटातून माल उचलावा आणि किनाऱ्यावर आणून जहाजात भरावा, एवढेच त्या रुळांचे काम होते. एका आफ्रिकी गावाला दुसऱ्या आफ्रिकी गावाशी जोडावे हा विचार त्या आखणीत नव्हता.

टबोऱ्यानंतर कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात अध्यापनाचे शिक्षण, मग पुन्हा टबोऱ्यात सेंट मेरीज शाळेत शिक्षकाची नोकरी आणि १९४९ साली शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठ, असा हा प्रवास झाला. एडिंबरोला त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, इंग्रजी वाङ्मय, नीतिशास्त्र अशा विषयांचा अभ्यास केला आणि १९५२ साली एम. ए. ची पदवी घेऊन ते परतले. परत आल्यावर दार-एस-सलामजवळच्या पुगू येथील सेंट फ्रान्सिस महाविद्यालयात शिकवू लागले. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, मारिया गॅब्रिएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

नोकरी करता करता त्यांनी राजकारणात पाऊल टाकले. ७ जुलै १९५४ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली ‘टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन’ म्हणजेच ‘टानू’ या पक्षाची स्थापना झाली. पुढल्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त मंडळापुढे त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली. परत आल्यावर संस्थेने त्यांच्यापुढे पेच टाकला, नोकरी किंवा राजकारण. त्यांनी नोकरी सोडली. घरात पगार येणे बंद झाले, पण ‘म्वालिमू’ ही पदवी मात्र तेव्हापासून कायमची चिकटली.

टांगानिकाचा स्वातंत्र्यलढा रक्तपाताशिवाय पार पडला. न्येरेरे यांचा मार्ग सनदशीर होता आणि महात्मा गांधींच्या कार्याचा त्यांच्यावरील प्रभाव त्यांनी कधी लपवला नाही. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. नागरिकत्व केवळ काळ्या वर्णाच्या लोकांना द्यावे, युरोपीय व भारतीय वंशाच्या रहिवाशांना देऊ नये, अशी मागणी स्वातंत्र्याच्या तोंडावरच त्यांच्या पक्षातून पुढे आली. न्येरेरे यांनी तिला कडाडून विरोध केला आणि वेळप्रसंगी पद सोडण्याची तयारी दाखवली. ती मागणी बारगळली. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात १९६५ पासून अर्थखाते सांभाळणारे आमिर जमाल हे भारतीय वंशाचेच होते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या तिजोरीत फारसे काही नव्हते. पदवीधर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. ब्रिटिशांनी १९४७ साली भुईमूग पिकवण्याची एक अवाढव्य योजना काढली होती. तिच्यासाठी दक्षिणेत नवे बंदर आणि नवा लोहमार्ग बांधला. भुईमूग काही पिकला नाही, योजना गुंडाळली गेली आणि पुढे तो लोहमार्गही बंद पडला. बाहेरच्यांनी आखलेली, बाहेरच्यांच्या गरजेसाठी केलेली योजना फसली की मागे काय उरते, याचा हा धडा नव्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोरच होता.

१९६४ हे वर्ष घडामोडींचे ठरले. जानेवारीत झांजिबारमध्ये क्रांती झाली. पाठोपाठ टांगानिकाच्या सैन्यात बंड झाले आणि ते मोडण्यासाठी न्येरेरे यांना ब्रिटिश फौज बोलवावी लागली. स्वतंत्र देशाच्या प्रमुखाला ही मोठी नामुष्कीच होती. २६ एप्रिलला टांगानिका व झांजिबार यांचे एकीकरण झाले आणि टांझानिया हे राष्ट्र अस्तित्वात आले. २४ ऑक्टोबरला शेजारचा उत्तर ऱ्होडेशिया झांबिया या नावाने स्वतंत्र झाला. केनेथ काउंडा हे त्याचे अध्यक्ष. न्येरेरे आणि काउंडा यांचे सख्य होते आणि त्या सख्याच्या पायावर पुढील सारी कथा उभी आहे.

झांबियाची अडचण समजून घ्यायची तर नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. या देशाला समुद्रकिनारा नाही. त्याच्या निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या तांब्यापासून येई. हे तांबे समुद्रापर्यंत नेण्यास मुख्य लोहमार्ग एकच, दक्षिणेकडे ऱ्होडेशियातून पोर्तुगीजांच्या मोझांबिकमधील बैरा बंदराकडे जाणारा. दुसरी वाट पश्चिमेकडे, काँगोतून व पोर्तुगीजांच्याच अंगोलातून लोबितो बंदराकडे जाणारी, बेंग्वेला रेल्वेची. म्हणजे दोन्ही वाटांवर परकी सत्तेचे कुलूप होते. त्यात ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने ऱ्होडेशियाचे स्वातंत्र्य एकतर्फी घोषित केले आणि ब्रिटनने त्या देशाची तेलकोंडी केली. ऱ्होडेशियावरून तेल येणे थांबताच झांबियाचीच अवस्था बिकट झाली. विमानातून पिंपे भरून इंधन आणावे लागले. दार-एस-सलामपासून येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मालमोटारींची रीघ लागली. पावसाळ्यात त्या चिखलात इतक्या गाड्या उलटल्या आणि इतके चालक दगावले की त्या रस्त्याला ‘नरकाची वाट’ अशा अर्थाचे नाव पडले.

दार-एस-सलामपासून झांबियापर्यंत स्वतंत्र लोहमार्ग बांधण्याची कल्पना याआधीचीच होती. झांबियाला ती मोकळा श्वास देणारी होती आणि टांझानियालाही तिचा लाभ होता. दक्षिणेकडील उंच पठारी भाग सुपीक असूनही वाहतुकीअभावी मागे पडला होता. लोहमार्ग झाला तर तेथील शेतीला बाजार मिळेल, कोळसा व लोखंडाचे साठे हाती येतील आणि दार-एस-सलामच्या बंदराला काम मिळेल, असा न्येरेरे यांचा हिशोब होता. पण पैसा कोण देणार? जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी १९६४ साली अभिप्राय दिला की हा मार्ग आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही, त्यापेक्षा रस्ता सुधारावा. जुन्या वाटा असताना नवी कशाला, असा त्यांचा तर्क. हिशोबाच्या वहीत तो चुकीचा नव्हता. परंतु जुनी वाट ज्याच्या अंगणातून जाते तो उद्या फाटक लावील की काय, ही धास्ती कोणत्याही हिशोबाच्या वहीत लिहिलेली नसते. ब्रिटन व कॅनडा यांच्या साहाय्याने झालेल्या १९६६ च्या पाहणीचा निष्कर्ष अनुकूल निघाला, पण तरीही पश्चिमेकडून पैसा आला नाही.

येथे न्येरेरे यांच्या स्वभावाचा एक विशेष सांगितला पाहिजे. मदत हवी म्हणून वाकणे त्यांना मान्य नव्हते. १९६५ साली झांजिबारमधील पूर्व जर्मनीच्या कचेरीवरून पश्चिम जर्मनीने आपली लष्करी मदत काढून घेतली. तेव्हा न्येरेरे यांनी उरलेली मदतही नको म्हणून कळवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले आणि त्यापायी पंचाहत्तर लाख पौंडांच्या कर्जावर पाणी सोडले. गरीब देशाच्या प्रमुखाने एका वर्षात दोन सावकारांना परत पाठवले. त्याची किंमत काय होती हे त्यांना पक्के ठाऊक होते.

याच वर्षी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, ते चीनला गेले. तेथे लोहमार्गाचा विषय निघाला आणि चीनने तो बांधून देण्याची तयारी दाखवली. जूनमध्ये चिनी पंतप्रधान चाऊ एन-लाय दार-एस-सलामला येऊन गेले. चीन स्वतः त्या वेळी गरीब देश होता. मग त्याने एवढा भार का उचलला? त्याला अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांशीही एकाच वेळी वाकडे घेतल्यामुळे मित्र हवे होते आणि संयुक्त राष्ट्रसंघातील जागा हवी होती. ती जागा ऑक्टोबर १९७१ मध्ये मिळाली, तेव्हा ठरावाच्या पुरस्कर्त्या देशांत टांझानिया होता. म्हणजे हा व्यवहार निव्वळ परोपकाराचा नव्हता. न्येरेरे यांनाही तसा भ्रम नव्हता. आपला स्वार्थ आणि देणाऱ्याचा स्वार्थ कोठे जुळतो आणि कोठे जुळत नाही, हे पाहून घ्यावे आणि जुळतो तेवढ्यावर करार करावा, अशी त्यांची दृष्टी होती.

काउंडा प्रारंभी चिनी मदतीबाबत साशंक होते. न्येरेरे यांनी त्यांचे मन वळवले. जून १९६७ मध्ये काउंडा पेकिंगला जाऊन आले आणि ५ सप्टेंबर १९६७ रोजी तिन्ही देशांचा करार झाला. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला न्येरेरे यांनी सुप्रसिद्ध आरुशा घोषणा केली होती. परकीय पैशावर अवलंबून राहिलेला देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो, हा तिचा गाभा होता. स्वावलंबनाची घोषणा आणि परदेशी कर्जाचा करार एकाच वर्षात, यात काहींना विसंगती दिसली. ती वरवरची नाही. आयुष्यभर न्येरेरे यांना या दोन टोकांमध्ये तोल सांभाळावा लागला.

कराराच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. पुढील बोलणी होऊन १९७० साली रक्कम निश्चित झाली, ९८ कोटी ८० लाख युआन, म्हणजे त्या वेळचे सुमारे चाळीस कोटी डॉलर. कर्ज बिनव्याजी, फेड तीस वर्षांत, भार दोन्ही देशांवर निम्मा निम्मा. मार्ग पूर्ण झाल्यावर मालकी दोन्ही देशांच्या संयुक्त प्राधिकरणाची, म्हणजेच ‘ताझारा’ची. स्थानिक मजुरी व साहित्याचा खर्च भागवण्यासाठी एक वेगळी युक्ती योजली होती. चीनने या दोन देशांना उधारीवर माल द्यायचा, तो तेथील दुकानांतून विकायचा आणि आलेल्या पैशातून खर्च करायचा. त्यामुळे काही काळ टांझानिया व झांबियातील दुकाने चिनी मालाने भरून गेली, आणि तो माल लोकांना हवा तोच होता असे नाही. बिनव्याजी कर्जालाही अशी एक बाजू असते.

न्येरेरे यांनी एकाच दारावर भरवसा ठेवला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. दार-एस-सलाम ते न्डोला ही १७१० किलोमीटरची तेलवाहिनी इटालियन कंपनीकडून बांधून घेतली गेली आणि ती १९६८ मध्ये सुरू झाली. झांबियाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या सुधारणेला अमेरिकेने पैसा दिला. लोहमार्ग चिनी, तेलवाहिनी इटालियन, रस्ता अमेरिकी. अलिप्ततावाद हा केवळ भाषणाचा विषय नसून बांधकामाचाही विषय असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

२६ ऑक्टोबर १९७० रोजी दार-एस-सलाम येथे न्येरेरे व काउंडा यांच्या उपस्थितीत कामाचा प्रारंभ झाला. सर्वांत अवघड टप्पा होता म्लिंबा ते मकांबाको हा सुमारे १६० किलोमीटरचा. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला उभे डोंगर, मध्ये दऱ्या. संबंध मार्गावर ३०० हून अधिक पूल व २२ बोगदे बांधावे लागले. चिनी कामगार पाळीपाळीने येत. सारे मिळून त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. त्यांच्या बरोबरीने दोन्ही देशांतील हजारो मजूर राबले. चिनी इंजिनिअर मजुरांबरोबर तंबूत राहत आणि फावल्या वेळात भाजीपाला लावीत. गोऱ्या साहेबाला पाहिलेल्या लोकांना हे नवल होते. साठाहून अधिक चिनी माणसे या कामावर मरण पावली. दार-एस-सलामजवळ त्यांची दफनभूमी आजही आहे. स्थानिक मजूरही मेले, परंतु त्यांच्या नावांची अशी नोंद ठेवलेली दिसत नाही. राष्ट्रांच्या मैत्रीचा इतिहास लिहिताना हे विसरता कामा नये.

जून १९७५ मध्ये, ठरल्या मुदतीच्या आधीच, रूळ कापिरी म्पोशीला पोहोचले. १४ जुलै १९७६ रोजी मार्ग दोन्ही देशांच्या स्वाधीन झाला. लोक त्याला ‘उहुरू रेल्वे’ म्हणू लागले. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. नाव सार्थ ठरावे असाच तो काळ होता. जानेवारी १९७३ मध्येच ऱ्होडेशियाची सीमा बंद झाली होती आणि ऑगस्ट १९७५ मध्ये अंगोलातील यादवीने बेंग्वेला रेल्वेही बंद पडली. जागतिक बँकेने ज्या जुन्या वाटांचा भरवसा दिला होता त्या दोन्ही मिटल्या आणि परवडणार नाही असे म्हटलेली वाट तेवढी उघडी राहिली.

तरीही कथा येथे सुखान्त होत नाही. वर्षाला वीस लाख टन माल नेण्याची या मार्गाची क्षमता धरली होती. तो आकडा कधीच गाठला गेला नाही; चांगल्यातल्या चांगल्या वर्षी मजल बारा लाख टनांच्या आसपासच गेली. चिनी इंजिने डोंगरी चढावर कमी पडू लागली आणि १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीहून नवी इंजिने आणावी लागली. दार-एस-सलामच्या धक्क्यावर माल तुंबू लागला. अतिवृष्टीने रूळ वाहून गेले. टांझानियाचा जुना लोहमार्ग एक मीटर रुंदीचा आणि हा नवा १०६७ मिलिमीटरचा, म्हणून एकाचे डबे दुसऱ्यावर चालेनात. ऑक्टोबर १९७८ मध्ये खताच्या टंचाईपायी काउंडांना दक्षिणेची वाट पुन्हा उघडावी लागली. १९७९ मध्ये ऱ्होडेशियाच्या सैनिकांनी चांबेशी नदीवरचा पूल उडवून दिला. शिवाय १९७५ पासून तांब्याचे भाव कोसळले ते कोसळलेच. ज्या मालासाठी वाट बांधली त्या मालाचीच किंमत गेली, तर वाटेने काय करावे? चीनला कर्जफेडीची मुदत वाढवून द्यावी लागली.

एक गोष्ट मात्र कोणाच्या आराखड्यात नसताना घडली. किलोंबेरोच्या खोऱ्यातील शेतकरी तांदूळ, केळी, मका घेऊन साध्या प्रवासी गाडीत चढू लागले. स्थानकांभोवती बाजार वसले, गावे वाढली. तांब्यासाठी बांधलेल्या रुळांवर भाजीपाल्याची टोपली बसली. लोहमार्गाचा हिशोब करताना नेलेले टन मोजतात. या टोपल्या कोणी मोजल्या नाहीत, पण टांझानियाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने लाभ झाला तो यांचाच.

याच धामधुमीत न्येरेरे यांनी केलेले एक काम आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटावे. शेक्सपिअरची दोन नाटके त्यांनी स्वाहिली भाषेत आणली. ‘ज्यूलियस सीझर’चे भाषांतर १९६३ मध्ये आले आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे १९६९ मध्ये. या दुसऱ्या नाटकाला त्यांनी ‘माबेपारी वा वेनिसी’ असे नाव दिले. ‘बेपारी’ हा शब्द हिंदी महासागर ओलांडून गेलेला आपलाच ‘व्यापारी’. स्वाहिलीत त्याला भांडवलदार असा अर्थ चिकटला. चीनशी कर्जाची बोलणी चालू असतानाच्या वर्षांत सावकार, ऋणको आणि करारपत्र यांचे हे नाटक राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर असावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

न्येरेरे यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. १९६५ पासून देशात एकच पक्ष उरला. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा त्यांनी १९६२ सालीच केला होता आणि तो वापरलाही. ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव. या तत्त्वावर सहकारी गावे वसवण्याचा त्यांचा कार्यक्रम आरंभी ऐच्छिक होता, पण १९७३ नंतर लाखो कुटुंबांना सक्तीने हलवण्यात आले. काही ठिकाणी घरे जाळण्यापर्यंत मजल गेली. शेतीचे उत्पन्न घटले आणि धान्य आयात करणे भाग पडले. १९७१ साली भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, त्याचा फटका मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना बसला आणि अनेकांनी देश सोडला. दुसऱ्या पारड्यात साक्षरतेचा प्रसार, खेड्यांतील दवाखाने आणि शंभरावर जमातींच्या लोकांना एका भाषेने बांधणारे, वांशिक कलहापासून दूर राहिलेले राष्ट्र या गोष्टी टाकाव्या लागतील. दक्षिण आफ्रिकेतील मुक्तिलढ्यांना दार-एस-सलामने दिलेला आश्रय, तसेच युगांडाच्या इदी अमीनने आक्रमण केल्यावर १९७९ मध्ये त्याला सत्तेवरून खेचून काढणारी मोहीम, यांची किंमतही त्या गरीब देशानेच मोजली.

नोव्हेंबर १९८५ मध्ये न्येरेरे यांनी अध्यक्षपद आपणहून सोडले. आपली आर्थिक धोरणे अयशस्वी ठरल्याची कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली. आफ्रिकेत त्या काळी ही दुर्मीळ गोष्ट होती. त्यानंतर १९८७ ते १९९० या काळात ते विकसनशील देशांच्या ‘साउथ कमिशन’चे अध्यक्ष होते. त्या आयोगाचे सरचिटणीस होते डॉ. मनमोहन सिंग. भारताने त्यांना जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिलेला होताच; १९९५ साली पहिला गांधी शांतता पुरस्कारही त्यांनाच मिळाला. अखेरच्या वर्षांत बुरुंडीतील यादवी मिटवण्यासाठी ते मध्यस्थी करीत होते. रक्ताच्या कर्करोगाने १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. बुटियामा येथे, जन्मगावीच, त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या मागे उहुरू रेल्वेची अवस्था खालावतच गेली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवट १९९४ साली संपली, दक्षिणेकडील बंदरे मोकळी झाली आणि तांबे मालमोटारींनी तिकडे जाऊ लागले. ज्या धोक्यासाठी हा मार्ग बांधला तो धोका टळला, हे मार्गाच्या दृष्टीने संकटच ठरले. २०१४-१५ मध्ये वाहतूक एक लाख टनांच्याही खाली गेली.

आणि मग चक्र पुन्हा फिरले. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी तांबे व कोबाल्ट यांची मागणी वाढली आणि आफ्रिकेच्या या भागातील वाटांकडे महासत्तांचे डोळे लागले. पश्चिमेची बेंग्वेला रेल्वे आता ‘लोबितो कॉरिडॉर’ म्हणून ओळखली जाते. तिची व्यवस्था तीस वर्षांसाठी युरोपीय कंपन्यांच्या एका गटाकडे आहे आणि अमेरिका व युरोपीय संघ यांचे तिला पाठबळ आहे. पूर्वेकडे ‘ताझारा’च्या पुनरुज्जीवनासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये पेकिंग येथे तिन्ही देशांच्या प्रमुखांसमोर सामंजस्य करार झाला आणि २०२५ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या योजनेवर चिनी कंपनीशी करार झाला. या वेळी मात्र स्वरूप वेगळे आहे. १९७० चे बिनव्याजी कर्ज आता नाही. गुंतवणूक करणाऱ्या कंपनीने मार्ग दुरुस्त करायचा, अनेक वर्षे स्वतः चालवायचा आणि आपला पैसा वसूल करून परत द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

झांबियासारख्या देशाच्या दृष्टीने एका खाणीला दोन वाटा आणि दोन वाटांना दोन धनको, ही स्थिती १९६५ पेक्षा निश्चितच बरी. घासाघीस करायला वाव आहे. पण न्येरेरे यांनी आपल्या कारकिर्दीत जे प्रश्न विचारले ते आजही विचारावे लागतील. मार्गाची मालकी कोणाकडे? भाडे कोण ठरवणार? कच्चे खनिज जसेच्या तसे जहाजात जाणार की त्यावर देशातच प्रक्रिया होऊन चार हातांना काम मिळणार? खाणीच्या मालगाड्यांमधून शेतकऱ्याच्या टोपलीला जागा उरणार का? भावी पिढीवर कर्जाचा बोजा किती? या प्रश्नांची उत्तरे पेकिंग, वॉशिंग्टन किंवा ब्रुसेल्स येथून यायची नाहीत. ती दार-एस-सलाम, लुसाका, किन्शासा आणि लुआंडा येथेच शोधावी लागतील.

न्येरेरे यांना सर्व उत्तरे सापडली असे नाही. काही बाबतींत ते चुकले आणि त्या चुकांची झळ सामान्य जनतेला लागली. परंतु देणाऱ्याचा हात केवढाही मोठा असला तरी घेणाऱ्याने आपली गरज आपणच ठरवली पाहिजे, हे त्यांनी कधी नजरेआड होऊ दिले नाही. १८६० किलोमीटरचा तो लोहमार्ग थकला, खचला, पण तो कोणा परक्याच्या नावावर गेला नाही. गुरुजींच्या धड्यांपैकी हा एक धडा त्यांच्या देशाला आणि आपल्यासारख्या इतर देशांनाही पुन्हा गिरवण्याजोगा आहे.